मधला माणूस गेला, त्याचे काम मात्र उरले

विशेष प्रतिनिधी

रविवारी सकाळी शहरातल्या एखाद्या मैदानावर शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरतो. ग्राहक मेथीची जुडी उचलतो, दव अजून सुकलेले नाही हे पाहून समाधान पावतो आणि फारशी घासाघीस न करता पैसे देतो. शेतकऱ्याच्या हाती थेट पैसे गेले, मधला दलाल टळला, अशी त्याची भावना असते. ती चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. दलाल टळला तरी माल काढणे, निवडणे, वाहून नेणे, विकणे आणि उरलेल्या मालाचा तोटा सोसणे ही त्याच्या साखळीतली कामे टळलेली नसतात. ती सारी एक-दोन एकराच्या शेतकरी कुटुंबावर येऊन पडलेली असतात. रसायनांचा वापर टाळून किंवा कमी करून शेती करणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला हातविक्री परवडते की नाही, हे या कामांच्या हिशेबावर ठरते.

रुपयातले तेहतीस पैसे

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधानुसार, ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या पदरी पडतात. कांद्याच्या बाबतीत हे प्रमाण ३६ पैसे, तर बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे आहे. उरलेली रक्कम घाऊक व किरकोळ व्यापारी, वाहतूक, हमाली आणि नासाडी यांत वाटली जाते.

ही सारी रक्कम म्हणजे लूट, असे सरसकट म्हणता येणार नाही. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या २०१५ च्या अहवालात फळांची नासाडी ६.७० ते १५.८८ टक्के आणि भाजीपाल्याची ४.५८ ते १२.४४ टक्के नोंदवली आहे. त्यात टोमॅटोचा क्रमांक भाज्यांमध्ये सर्वांत वरचा होता. म्हणजे शेतातून निघालेल्या दर आठ किलो टोमॅटोंपैकी एक किलो वाटेतच वाया जातो. साखळी जितकी लांब, तितकी हाताळणी अधिक आणि तितकी ही गळती मोठी. हातविक्रीत ही साखळी आखूड होते, हा तिचा खरा लाभ आहे.

कायद्याची वाट

आठवडे बाजार महाराष्ट्राला नवा नाही. गावोगावचे बाजार वारांवर चालत आले. पुण्यातील पेठांनाही वारांची नावे आहेत. नवे आहे ते शहरात, फक्त शेतकऱ्यांसाठी राखलेला बाजार भरवणे. १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्री नियमन अधिनियमाने शेतमालाचा व्यवहार बाजार समित्यांच्या आवारात आणला. उघड लिलाव व्हावा, वजन चोख मिळावे, पट्टी वेळेवर हाती यावी, हा त्यामागचा हेतू होता. कालांतराने या आवारांतही मोजक्या अडत्यांची मक्तेदारी झाल्याची तक्रार वाढत गेली.

पंजाबने १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू केली. आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतू बाजार’ आणि त्याच वर्षी तामिळनाडूत मदुराईपासून ‘उळवर संदै’ सुरू झाले. या दोन्ही योजनांत शेतकऱ्याची शहानिशा करून त्याला ओळखपत्र दिले जाते आणि दर घाऊक व किरकोळ यांच्या दरम्यान राखला जातो. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, तसेच अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. व्यापाऱ्यांनी त्याविरोधात बंद पुकारला, तरी निर्णय टिकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान हाती घेतले. २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्या अधूनमधून बंद राहिल्या, तेव्हा शेतकऱ्यांचे टेम्पो थेट गृहनिर्माण संस्थांच्या दारात उभे राहिले आणि शहरी ग्राहकाला या व्यवस्थेची खरी ओळख झाली.

शेताची आखणी बाजाराच्या वारावर

बाजार समितीत माल पाठवणारा शेतकरी साधारणपणे एकच पीक मोठ्या क्षेत्रावर घेतो, कारण अडत्याला एकसारखा, भरपूर माल हवा असतो. हातविक्रीचे गणित याच्या नेमके उलट आहे. ग्राहकाला एका ठिकाणी दहा-बारा प्रकारची भाजी हवी असते, पण प्रत्येक भाजी थोडीच हवी असते. त्यामुळे एकराचे चाळीस गुंठे लहान लहान तुकड्यांत वाटावे लागतात.

मेथीचे उदाहरण घ्या. ती पेरल्यापासून साधारण चार आठवड्यांत काढणीला येते. दर रविवारी मेथी हवी असेल, तर दर आठवड्याला एक वाफा पेरावा लागतो. म्हणजे कोणत्याही दिवशी शेतात निरनिराळ्या वयाचे चार वाफे उभे आणि एक पुढच्या पेरणीसाठी तयार, अशी स्थिती असावी लागते. कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, म्हणून तिचे वाफे सहा-सात. पालक एकदा पेरला की दोन-तीन कापण्या देतो, तेव्हा त्याचा हिशेब वेगळा. एक आठवडा पेरणी चुकली, तर महिन्याभराने एका रविवारी मेथीची जागा रिकामी दिसते.

खरी अडचण भेंडी, काकडी, दोडका, गवार या फळभाज्यांची. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. न तोडल्यास ती जून होते आणि झाडाचे फळणेही मंदावते. बाजार मात्र आठवड्यातून एकदाच. मग उरलेल्या तोड्यांचे करायचे काय? ते गावच्या बाजारात किंवा अडत्याकडेच जातात. म्हणूनच हातविक्री करणाऱ्या अनेकांना आठवड्यात दोन-तीन बाजार गाठावे लागतात; अथवा टिकणाऱ्या पिकांचा आधार घ्यावा लागतो. लाल भोपळा, सुरण, रताळी, कांदा, लसूण, आले, हळद हा माल या रविवारी न खपला तर पुढच्या रविवारी खपतो. पालेभाजीने ग्राहक जोडला जातो आणि कंदमुळांनी तोटा सावरला जातो, अशी ही विभागणी असते.

जमिनीचा हिशेब

शाश्वत शेती या शब्दाचा अर्थ केवळ रासायनिक फवारणी न करणे एवढाच नाही. शेतातला कस बाहेर जातो तितका परत आला पाहिजे, ही तिची मूळ अट आहे. पालेभाजी मुळासकट उपटून शहरात जाते. तिच्याबरोबर जमिनीतला नत्र, पालाश आणि इतर अन्नद्रव्येही जातात. म्हणून शेणखत, गांडूळखत, पाचटाचे वा पालापाचोळ्याचे आच्छादन आणि पिकांची फेरपालट यांना पर्याय नसतो. मुळा किंवा कोबीनंतर त्याच वाफ्यात घेवडा, चवळी, मूग असे द्विदल पीक घेतले की त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात.

२०१६ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले सुभाष पाळेकर यांच्यामुळे जिवामृत राज्यात घरोघरी पोहोचले. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गायीचे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती, असे एका एकरासाठीचे प्रमाण ते सांगतात. त्यांच्या मते हे खत नसून जमिनीसाठीचे विरजण आहे. त्याही आधी प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोषण कसे होऊ शकते, याची मांडणी केली होती. सूर्यप्रकाश, पाणी आणि पालापाचोळा यांचा काटेकोर हिशेब ठेवण्याचा त्यांचा आग्रह आजच्या छोट्या शेतालाही लागू पडतो.

बियाण्याचाही यात वाटा आहे. लांबच्या वाहतुकीसाठी निवडलेल्या जाड सालीच्या वाणांची हातविक्रीत गरज नसते. चवीला उत्तम पण नाजूक असा गावरान वाण येथे खपतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी वाणांच्या बियाणे बँकेची दखल २०२० च्या पद्मश्रीने घेतली. गावरान वाणाचे बी शेतकऱ्याला पुढच्या हंगामासाठी घरीच धरता येते. संकरित वाणाचे तसे करता येत नाही.

रविवारचा ताळेबंद

हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकरी कुटुंबाची रविवारची विक्री सहा हजार रुपयांची झाली. टेम्पोचे भाडे १,२०० रुपये, जागेचे शुल्क ३००, आदल्या दिवशी माल काढण्यास व जुड्या बांधण्यास दोन मजूर मिळून १,०००, पिशव्या आणि चहा-नाश्ता २००. खर्च २,७०० वजा जाता ३,३०० उरले, म्हणजे रुपयातले ५५ पैसे. अडत्याच्या ३३ पैशांपेक्षा हे निश्चित अधिक आहेत. परंतु यातून अजून बी, खत, पाणी आणि घरच्यांची मेहनत वजा व्हायची आहे.

आता तीन शेजाऱ्यांनी मिळून एक टेम्पो केला असे धरू. भाड्याचा वाटा ४०० वर येतो, हाती ४,१०० राहतात आणि रुपयातला वाटा ६८ पैशांवर जातो. उलट, रविवारी पाऊस कोसळला आणि विक्री २,५०० वरच थांबली, तर खर्च तोच राहतो आणि २०० रुपये पदरचे जातात. शिवाय न खपलेली मेथी दुपारी बारा वाजता मातीमोल भावाने द्यावी लागते, ती वेगळीच. एकट्याने बाजार गाठणारा शेतकरी अशा दोन-तीन रविवारांनंतर माघार घेतो. गटाने येणारे तग धरतात. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांचे खरे महत्त्व या टेम्पोच्या भाड्यात आहे.

घरच्यांची मेहनत या ताळेबंदात सहसा धरलीच जात नाही. तोडलेली भाजी जिवंत असते. ती श्वसन करते आणि उष्णतेत तिच्यातले पाणी झपाट्याने उडते. म्हणून ऊन कलल्यावर किंवा पहाटे माल काढायचा, सावलीत निवडायचा आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. निवडणे, जुड्या बांधणे आणि बी राखणे ही कामे बहुतांशी घरातल्या स्त्रिया करतात. गाड्यावर उभे राहून पैसे मोजून घेण्याचे काम ज्या घरांत त्यांच्याकडे आले, तेथे त्या मेहनतीची किंमत प्रथमच त्यांच्या हाती आली.

विश्वासाचा शिक्का

‘सेंद्रिय’ हा शब्द फलकावर लिहिणे सोपे. सिद्ध करणे अवघड. २००१ पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील त्रयस्थ प्रमाणीकरण खर्चिक असते आणि हंगामी पिकांसाठी जमिनीला दोन वर्षांचा रूपांतर काळ द्यावा लागतो. छोट्या शेतकऱ्यासाठी २०११ मध्ये ‘पीजीएस-इंडिया’ ही सहभागी हमी पद्धत आली. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट परस्परांच्या शेतांची पाहणी करून ग्वाही देतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनी, वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला ग्राहकाला थेट विक्री करताना प्रमाणीकरणातून सूट दिली. मात्र अशा मालावर ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह वापरता येत नाही.

या सुटीचा गैरफायदा घेणारेही असतात. पहाटे घाऊक बाजारातून माल उचलायचा आणि शेतकऱ्याच्या वेशात तो विकायचा, ही चलाखी जुनी आहे. ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. एक-दोन एकराच्या शेतात बारमाही सारी भाजी पिकत नाही. ऐन उन्हाळ्यात फ्लॉवर, वाटाणा, गाजर सारेच एका गाड्यावर, एकाच आकाराचे आणि निवडक दिसले, तर विचारायला हरकत नाही. वाफा कधी पेरला, पुढच्या आठवड्यात काय निघेल, या प्रश्नांची उत्तरे खऱ्या शेतकऱ्याला आठवावी लागत नाहीत.

ग्राहकाकडूनही या बाजाराची एक अपेक्षा आहे. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार अवघी १.३४ हेक्टर आहे आणि बहुसंख्य शेतकरी त्याहून लहान तुकड्यावर राबतात. अशा शेतकऱ्याने मेथीचा वाफा पेरला, तो चार आठवड्यांनंतरच्या रविवारी कोणीतरी येईल या भरवशावर. सण असो, पाऊस असो, वेडीवाकडी काकडी असो, तो ग्राहक आला तर पुढचा वाफा पेरला जातो. तो आला नाही, तर त्या वाफ्यात पुन्हा एकच पीक उभे राहते आणि माल अडत्याच्या वाटेला लागतो.