वळवाआधीची चाळीस मिनिटं

मे महिन्यात दुपारी डिंभ्याला कधी कधी एकाएकी वारं पडतं. धरणाचं पाणी हलेनासं होतं, अंगाला घाम चिकटतो आणि पूर्वेला ढग वर चढू लागतो. पाटण आणि आहुपे खोऱ्यांत तेव्हा अंगणात, कातळावर बाळहिरडा वाळत पडलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर महादेव कोळी कुटुंबांच्या हातात रोख पैसा येतो, तो बराचसा ह्यातूनच. अर्धवट वाळलेला हिरडा भिजला की बुरशी धरते आणि भाव पडतो. खाली मंचरच्या बाजूला उघड्यावरचा कांदा असाच भिजतो.

वळवाचा अंदाज मोसमी पावसाच्या अंदाजापेक्षा फार वेगळा. मोसमी पाऊस शेकडो मैलांवर पसरतो. वळवाचा ढग मात्र काही किलोमीटरांचा असतो, तापलेल्या जमिनीवरून दमट हवा वर उसळली की तासाभरात बारा-तेरा किलोमीटर उंच होतो आणि पुढच्या तासाभरात रिकामा होतो. म्हणून आदल्या दिवशी हवामान विभाग ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ एवढंच सांगू शकतो. ह्या ‘तुरळक’चा अर्थ नीट कळायला हवा. पाऊस थोडा पडेल, असं त्यात म्हटलेलं नाही. थोड्या ठिकाणी पडेल, इतकंच म्हटलं आहे. ज्या वाडीवर पडेल तिथे तो झोडपून काढेल.

खरं काम सुरू होतं ढग उभा राहिल्यावर. पुण्यात शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात 1928 पासून हवामानाचं काम चालतं. आता मुंबईच्या डॉप्लर रडारची चित्रं आणि उपग्रहाची चित्रं पाहून पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा निघतो. रडार लहरी सोडतं. थेंबांवर आणि गारांवर आपटून परत आलेल्या लहरींवरून पाऊस कुठे आणि किती जोराचा, ते कळतं. पण मुंबईचं रडार आणि ही खोरी ह्यांच्या मधे सह्याद्री उभा आहे. डोंगराच्या आडोशाला ढगाचा खालचा भाग रडारला नीट दिसत नाही, आणि खोऱ्यातल्या माणसालाही ढग कड्यावर आल्यावरच दिसतो.

ही उणीव थोडीफार वीज भरून काढते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर ऐंशीहून अधिक संवेदक बसवले. वीज चमकली की रेडिओलहरींचा एक झटका चहूकडे पसरतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने. तो निरनिराळ्या केंद्रांवर किंचित मागेपुढे पोचतो, आणि त्या सूक्ष्म फरकावरून वीज कुठली ते काढता येतं. ढगातल्या ढगात चमकणाऱ्या विजा एकदम वाढल्या, तर ढग जोर धरतोय असं समजायचं; जोराचा वारा आणि गारा बहुधा त्यामागून येतात. ह्याच जाळ्यावर ‘दामिनी’ हे अ‍ॅप चालतं. आपल्याभोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडतेय हे ते दाखवतं आणि साधारण चाळीस मिनिटं आधी सावध करतं.

चाळीस मिनिटांत हिरडा गोळा होतो, गुरं झाडाखालून आणता येतात, माणूस कड्यावरून खाली उतरतो. म्हणूनच मला ह्या चाळीस मिनिटांचं मोल आठवड्याच्या अंदाजाहून जास्त वाटतं. पण डोंगरातल्या अनेक वाड्यांवर फोनला रेंज नाही. देवळावरचा भोंगा किंवा ग्रामपंचायतीची शिट्टी इतकी साधी सोयही तिथे जीव वाचवू शकते, आणि ती झाली पाहिजे.

गेल्या मे महिन्यात मी पाटण खोऱ्यातल्या एका ओट्यावर बसलो होतो. आजींचा जुना ट्रान्झिस्टर आकाशवाणी पुण्यावर लावलेला होता. गाण्यात मधेच खर्रकन आवाज आला, मग पुन्हा, मग लागोपाठ. संवेदक जो झटका टिपतो तोच इथे खरखर होऊन ऐकू येत होता. आभाळ डोक्यावर अजून निळं होतं. आजी उठल्या, खराटा घेऊन हिरडा ओढू लागल्या.

“अहो, नुसते बघताय काय? धरा ताडपत्रीचं ते टोक!”