स्वयंसेवा भांडारे आणि चोरीस प्रतिबंध

किराणा दुकानात माल दुकानदार काढून देतो. स्वयंसेवा भांडारात ग्राहक तो स्वतःच्या हाताने निवडतो. ही सोय ग्राहकावरील विश्वासावर उभी आहे. या विश्वासाचा गैरफायदा घेऊन काहीजण वस्तू लपवून नेतात, तेव्हा होणारी तूट अखेर प्रामाणिक ग्राहकाच्या माथी बसते. भांडार सहकारी असल्यास तिची झळ सर्व सभासदांना पोहोचते.

अशा चोरीस आळा घालण्यासाठी १९६० च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक टॅगचा वापर सुरू झाला. आज आपल्या शहरांतील अनेक मोठ्या दुकानांच्या दाराशी दिसणारे खांब याच पद्धतीचे होत. तिच्या एका प्रकारात टॅगमध्ये विशिष्ट मिश्रधातूची पातळ पट्टी व तिच्या जोडीला एक चुंबकीय पट्टी असते. खांबांतून सेकंदास सुमारे ५८ हजार आवर्तनांचे चुंबकीय स्पंद सोडले जातात. मिश्रधातूची पट्टी त्या तालावर कंप पावते आणि स्पंद थांबल्यावरही क्षणभर कंपत राहते. तो क्षीण प्रतिसाद यंत्राने टिपला की घंटा वाजते. पैसे घेतल्यावर रोखपाल चुंबकीय पट्टीचे चुंबकत्व नाहीसे करतो. त्यामुळे कंपनांचा ताल बदलतो आणि घंटा वाजत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. यंत्र टॅग ओळखते, चोर नव्हे. रोखपालाकडून टॅग निष्क्रिय करावयाचा राहिला, अथवा अन्य दुकानातून घेतलेल्या वस्तूवरील टॅग कार्यरत असला, तरीही घंटा वाजू शकते. म्हणून सेवकांनी प्रथम सौजन्याने पावती पाहावी. चारचौघांत एखाद्यास चोर ठरविणे, मारहाण करणे किंवा परस्पर 'दंड' वसूल करणे यांचा अधिकार दुकानदारास नाही. संशय सबळ असेल तर पोलिसांना कळविणे हाच योग्य मार्ग होय.

कायद्यानेही येथे विवेक राखला आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ अन्वये, ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या मालमत्तेच्या चोरीबद्दल प्रथमच दोषी ठरलेल्या व्यक्तीने ती मालमत्ता वा तिचे मूल्य परत केल्यास तिला सामुदायिक सेवेची शिक्षा दिली जाते. अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार हाताळावयाची असतात, हे शिक्षक व पालकांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

मालाचे रक्षण अवश्य व्हावे. परंतु ते करताना निरपराध ग्राहकाच्या प्रतिष्ठेस धक्का लागता कामा नये.