आयपीएलसमोर दुसरी लीग का टिकत नाही? खेळाडूचा भाव ठरतो तरी कसा

समजा, बाजार समितीत सोयाबीन घेणारा एकच व्यापारी उरला. माल कितीही चांगला असू द्या, भाव तोच सांगणार. पटला नाही तर ट्रॅक्टर घरी न्या. आपल्या देशातल्या क्रिकेटचं बरंचसं असंच चाललंय.

आता कुणी म्हणेल, आयपीएलमध्ये तर दहा संघ आहेत, एकमेकांवर बोली चढवतात. खरंय. पण लिलावाचे नियम बीसीसीआय ठरवतं. २०२५ च्या हंगामासाठी एका संघाला खेळाडू घ्यायला १२० कोटींची मर्यादा होती, म्हणजे दहा संघांचे १,२०० कोटी. तिकडे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी, आणि प्रायोजक व तिकिटांचा पैसा वेगळाच. हिशोब करून बघा, खेळाडूंची लिलावातली रक्कम प्रक्षेपणाच्या पैशाच्या आठव्या हिश्शाएवढीच भरते. मॅच फी धरली तरी फार फरक पडत नाही. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये खेळाडूंची युनियन करार करते आणि उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा घेते. आपल्याकडे खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची तशी युनियन नाही. पण ऋषभ पंतचे २७ कोटी एवढे डोळ्यात भरतात की बाकीचा हिशोब कुणी विचारत नाही.

बरं, नाही पटलं तर बाहेर जावं? तेही नाही. भारतीय पुरुष खेळाडूला इथून निवृत्ती घेतल्याशिवाय परदेशी टी-२० लीग खेळायला बोर्ड परवानगी देत नाही. दिनेश कार्तिक दक्षिण आफ्रिकेच्या लीगमध्ये खेळला तो निवृत्त झाल्यावरच.

दुसरा व्यापारी बाजारात आला होता. २००७ मध्ये झीच्या सुभाष चंद्र यांनी इंडियन क्रिकेट लीग काढली. बोर्डानं तिकडे गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली, मैदानं नाकारली. कपिल देव यांनाही राष्ट्रीय अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. (रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी मात्र रेल्वेची मैदानं देऊ केली होती.) गंमत म्हणजे त्याच सुमारास बोर्डानं रणजी खेळणाऱ्यांचं मानधन वाढवलं. दुसरा गिऱ्हाईक दिसला की भाव वाढतोच. २००८ ला आयपीएल आली, २००९ ला ती लीग बंद पडली. अंबाती रायुडूसारखे खेळाडू माफी मिळवून परतले, पण उमेदीची दोन वर्षं गेली ती गेलीच.

मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे हे प्रकरण गेलं. प्रक्षेपणाच्या करारात बोर्डानं लिहून दिलं होतं, की दहा वर्षं आयपीएलला टक्कर देणारी दुसरी लीग मान्य करणार नाही. आयोगानं २०१३ मध्ये ५२.२४ कोटींचा दंड लावला. अपिलात तो रद्द झाला, तर २०१७ मध्ये आयोगानं पुन्हा तेवढाच लावला.

खेळाला एक नियामक लागतो, नाहीतर गोंधळ होईल, हे बोर्डाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण नियम करणाराच दुकानदार असला, तर शेजारी दुसरं दुकान तो कशाला लागू देईल?

याची झळ आता बघणाऱ्यालाही लागतेय. २०२३ मध्ये मोबाइलवर आयपीएल फुकट होती. २०२४ च्या शेवटी स्टार आणि वायाकॉम १८ एक झाले आणि २०२५ पासून पूर्ण सामन्यांसाठी वर्गणी, नाहीतर ठरावीक रिचार्ज लागू लागला. टीव्हीचे आणि मोबाइलचे हक्क मागच्या वेळी ज्या दोघांनी वेगवेगळे घेतले, ते दोघे आता एकाच घरात आहेत. २०२७ नंतरच्या हक्कांसाठी बोली लावायला त्यांच्यासमोर कोण उभं राहतं, ते बघायचं.