उसाला माफी, साखरेला कर

श्रीपूरच्या साखर कारखान्याचा नफा प्राप्तिकराच्या कक्षेत येतो. त्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न येत नाही. ही वाटणी इंग्रजी अमलातली. १८५७च्या उठावाने तिजोरी रिकामी झाली, म्हणून हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य जेम्स विल्सन याने १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. वार्षिक २०० ते ५०० रुपये मिळकतीवर दोन टक्के, त्यापुढे चार. तेव्हा शेतीही सुटली नव्हती. ओरड झालीच. खुद्द मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन जाहीर विरोधात गेला, तर सरकारने त्यालाच परत बोलावले! विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला. कर १८६५ मध्ये उठला, पुन्हा आला. १८८६च्या कायद्याने तो कायमचा बसला, पण शेतीचे उत्पन्न वगळून. जमीनमहसूल सरकार घेतच होते ना.