पाउंडचे काव्य आणि यहुदीद्वेष

कवीचे चरित्र बाजूस सारून काव्याचे मूल्यमापन करावे, या तत्त्वाची कठोर परीक्षा एज्रा पाउंड या अमेरिकन कवीच्या निमित्ताने झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रोमच्या नभोवाणीवरून त्याने मुसोलिनीची भलामण व यहुद्यांची विषारी निंदा केली. १९४५ मध्ये तो पिसाजवळील अमेरिकन लष्करी छावणीत बंदी होता. तेथे रचलेल्या ‘पिसन कँटोज’ला १९४९ मध्ये बोलिंगेन पारितोषिक मिळाले. एलियट, ऑडेन प्रभृतींच्या निवडसमितीने काव्यगुणांखेरीज अन्य निकष नाकारला. समितीतील यहुदी कवी कार्ल शपिरो याने मात्र विरुद्ध मत दिले. कवीची विचारसरणी अखेर काव्याचीच प्रत खालावते, असे त्याचे म्हणणे होते.

हा आक्षेप केवळ नैतिक नव्हे, वाङ्मयीन आहे. व्याजखोरीवरील पंचेचाळिसाव्या कँटोत यहुद्यांचा उल्लेखही नाही. तेथे व्याज हे सर्व निर्मितीला ग्रासणारे पाप ठरते आणि त्याची लय मंत्रासारखी भारून टाकते. बावन्नाव्या कँटोत त्याच पापाला यहुदी चेहरा दिला जातो. १९४० साली त्यातील काही ओळी काळ्या पट्ट्यांखाली झाकूनच छापल्या गेल्या. येथे कारणमीमांसा संपते, उरते ती चिथावणी. आणि ती कवीच्या चरित्रात नसून काव्याच्या विणीतच आहे. चरित्र वगळले तरी ती वगळता येत नाही. पिसाच्या काव्यातील पश्चात्तापाचा सूर पुष्कळांनी वाखाणला आहे. त्या पश्चात्तापात यहुद्यांना स्थान नाही.