या क्षणापासून दारे बंद!

४ जुलै २०२०, शनिवारची दुपार. मेलबर्नमधील नऊ उंच सरकारी इमारतींतील सुमारे ३,००० रहिवाशांना हुकूम झाला : घराबाहेर पडायचे नाही, आणि तेही या क्षणापासून! खाली लगोलग पोलीस उभे राहिले. आसपासच्या वस्त्यांना टाळेबंदीतही किराणा आणायची मुभा होती. यांना तीही नव्हती.

येथे पूर्व आफ्रिका, व्हिएतनाम अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे राहत होती. कित्येक युद्धातून जीव वाचवून आलेली. लिफ्ट सामाईक, कपडे धुण्याची खोलीही सामाईक. (चाळीत राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.) त्यांच्या भाषांतील सूचना उशिरा पोहोचल्या. औषधे अडकली. सरकारी खोक्यांत कुठे मुदत संपलेले पदार्थ, तर कुठे मुसलमान घरी हलाल नसलेले जेवण! अखेर त्यांच्याच समाजातील तरुणांनी धान्याच्या पिशव्या भरल्या.

आठ इमारती पाच दिवसांनी सुटल्या, नववी चौदा दिवसांनी. डिसेंबरमध्ये राज्याच्या लोकपाल डेबोरा ग्लास यांनी स्पष्ट केले : साथ रोखण्यासाठी बंदी योग्यच होती, पण लोकांना तयारीला वेळ न देता ती लादणे हा मानवी हक्कांचा भंग होता. सरकारने माफी मागितली नाही. २०२३ मध्ये ५० लाख डॉलर भरपाई देण्याचे मात्र मान्य केले.