लाज आणि मज्जासंस्था
क्षयाचे निदान झालेली मुंबईतल्या गोवंडीची एखादी गृहिणी समुपदेशकासमोर पदराचे टोक बोटाला गुंडाळीत गप्प बसते, तेव्हा ‘सहकार्य नाही’ असा शेरा मारण्याची घाई होते. वस्तुतः अशा लाजेत स्वायत्त मज्जासंस्थेचाही (हृदयगती, श्वास, पचन आपोआप चालविणाऱ्या यंत्रणेचा) हात असतो, आणि या यंत्रणेवर कोणाचा पूर्ण हुकूम चालत नाही. मनाची लवचीकता म्हणजे न डगमगणे, हा समजही गैर. लोकलच्या डब्याखालची स्प्रिंग गर्दीने दबते, भार उतरताच पूर्ववत होते; दबलीच नाही तर ती निकामी समजावी. म्हणून समुपदेशनात आधी श्वास संथ होऊ द्यावा, हकिगत मागाहून विचारावी. अशा मदतीसाठी गोवंडीशेजारच्या देवनारातील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही दूरध्वनी-समुपदेशन सेवा सुरू केली. शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा निःशुल्क क्रमांक १४४१६ आहे.